फड्या निवडुंगाचे कुळवृत्त

कोकणात वा गोव्यात पुळणीवर उभे राहून समुद्राकडे पाठ केली, म्हणजे वनस्पतींची एक ठरलेली रांग दृष्टीस पडते. भरतीची लाट जेथे थकते तेथे मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते. तिची जांभळी फुले पाहून ज्याने तिला हे नाव दिले त्याच्या रसिकतेचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, अशी जणू ती वेलीने आखलेली रेघ. तिच्यामागे रावणाच्या मिशांचे टोकदार झुबके, त्यांच्यामागे केवडा, आणि केवडा संपून माडांची बाग सुरू होते तेथे, जांभ्याच्या गडग्याला टेकून, फड्या निवडुंग. हाताच्या पंजाएवढे जाड हिरवे फडे एकावर एक चढलेले, काठाकाठाने पिवळी फुले, आणि फुले गळाल्यावर गडद किरमिजी रंगाची बोंडे.

अशाच एका गडग्यापाशी काही वर्षांपूर्वी आम्ही एका वृद्ध बागाईतदारांस सहज विचारले, "आबा, हा निवडुंग इथे कधीपासूनचा?" आबांनी आमच्याकडे काहीशा दयेने पाहिले आणि म्हणाले, "परशुरामान दर्यो मागे सारल्यान, तेवापासून हो हयसरच आसा."

या उत्तराला हसण्याचा आमचा अधिकार नाही, कारण त्या दिवसापर्यंत आमचीही समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. जे आजोबांनी पाहिले ते पणजोबांनीही पाहिले असणार, आणि जे पणजोबांनी पाहिले ते सनातनच असणार, असा हिशेब आपण सर्वच जण करतो. परंतु निवडुंगाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. हा वृक्ष (त्यास वृक्ष म्हणावे की झुडूप, हा वाद बाजूस ठेवू) परशुरामाचा तर नाहीच, पण शालिवाहनाचा, यादवांचा किंवा कदंबांचाही नाही. तो सातासमुद्रांपलीकडचा आहे. त्याचे कुळवृत्त धुंडाळू लागल्यावर आमच्या हाती जे लागले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम गोत्र पाहू. फड्या निवडुंग ज्या वनस्पती-कुळातला आहे, त्या कॅक्टस कुळाच्या पंधराशेंहून अधिक जाती आज शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. त्यांपैकी झाडांच्या फांद्यांवर लोंबणारी एकच काय ती जात आफ्रिकेत, मादागास्करात आणि श्रीलंकेत आपली आपण उगवते. बाकीचे सारे कुळ अमेरिका खंडातले. याचा अर्थ इतकाच की, १४९२ साली कोलंबसाची गलबते कॅरिबियन बेटांना लागली त्यापूर्वी हिंदुस्थानच्या भूमीवर फड्या निवडुंगाचे एक पानही असणे शक्य नव्हते. 'पान' हा शब्दही सवयीने आला. ज्यास आपण पान समजतो ते या वनस्पतीचे चपटे झालेले खोड होय. पानांचे काटे झाले आणि खोडाने पानाचे काम पत्करले. पाणी साठवावयाचे ते खोडात. त्यामुळे तुटून पडलेला फडा मातीवाचून महिनोन् महिने तग धरतो, आणि जेथे टेकतो तेथे मुळे धरतो. जहाजाच्या तळघरातून महासागर ओलांडण्यास याहून सोयीचा प्रवासी दुसरा कोण असणार? १५०० साली पोर्तुगीज कप्तान काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला पोहोचला. एकाच सफरीत अमेरिकेचा आणि हिंदुस्थानचा असे दोन्ही किनारे पाहणारा तो पहिला ताफा. ज्या वाटेने पुढे काजू, अननस, पपई, मिरची आली, ती वाट अशी खुली झाली.

मग आपल्या जुन्या ग्रंथांतला निवडुंग कोणता? चरकसुश्रुतांनी तीव्र रेचक म्हणून ज्या 'स्नुही'चा उल्लेख केला आहे, तीच आपल्याकडील जुन्या निवडुंगाची जात. तिधारी निवडुंग हा तिचाच भाऊबंद. या घराण्याची खूण कोणासही पटावी अशी आहे. जुन्या निवडुंगास चाकू लावा, पांढराशुभ्र चीक वाहू लागतो. फड्या निवडुंगास लावा, चीक नाही. केवळ बुळबुळीत पाणी. दोघेही काटेरी, दोघेही मांसल, दोघेही रखरखाटात हिरवे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे नाते आंबा आणि बाभूळ यांच्याहून जवळचे नाही. सारख्या संकटास तोंड देताना दोन परकी कुळे सारखी दिसू लागली, एवढेच.

या जुन्या घराण्याची नोंद करणाऱ्या एका ग्रंथाचे स्मरण येथे केलेच पाहिजे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामी त्यास साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य जसे होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. गोव्याहून दक्षिणेस जाऊन स्थिरावलेल्या कोंकणी समाजातले हे तिघे. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत कोंकणी भाषेत लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. या ग्रंथाच्या चित्रांवर वनस्पतींची नावे नागरीतही दिलेली आहेत, आणि त्यांत 'कळ्ळी' म्हणून ज्या वनस्पती रेखाटल्या आहेत त्या आपल्या जुन्या, चीक असलेल्या निवडुंगाच्या होत. आपल्या भाषा बोलणारी माणसे आपल्या वनस्पतींची गोत्रे किती नेमकेपणाने जाणत होती, याचा हा पुरावा आहे.

आता नवागताचे नामकरण पहा. परक्या वनस्पतीस परके नाव राहावे, ही सामान्य रीत. अननसाने आपले अमेरिकन नाव टिकविले, काजूनेही. निवडुंगाच्या बाबतीत मात्र किनाऱ्यावरच्या एकाही भाषेने त्याचे मूळचे नाव विचारले नाही. प्रत्येक भाषेने घरातल्या जुन्या काटेरी झाडाचे नाव उचलले आणि त्यास एक विशेषण जोडून मोकळी झाली. गुजरातीत जुन्या निवडुंगास 'थोर' म्हणतात. नवा झाला 'हाथलो थोर', तळहातासारखा. तमिळात 'सप्पात्तिकळ्ळी', चपातीसारखी कळ्ळी. कानडीत 'पापासकळ्ळी'; पापास म्हणजे आपला पायपोस. बेळगावच्या वाचकांस हे नाव परिचयाचे असेल. तेलुगूत जेमुडूचा 'नागजेमुडू' झाला आणि हिंदीत 'नागफनी'. मराठीनेही नागाचाच फडा पाहिला आणि 'फड्या निवडुंग' हे नाव ठेविले. कोणास हात दिसला, कोणास पोळी, कोणास वहाण, कोणास नाग. दृष्टी निराळ्या, पण पाहुण्यास आडनाव आपले द्यावयाचे ही वृत्ती एकच. एकदा आडनाव मिळाले की दोन पिढ्यांत तो घरचाच होतो. आबांची समजूत कशी झाली, याचे उत्तर या नावांतच आहे.

आणि ही चूक केवळ आबांची नव्हे. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांस हिंदी वनस्पतिशास्त्राचे जनक मानतात. बंगालमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या एका फड्या निवडुंगास या थोर शास्त्रज्ञाने नाव दिले 'कॅक्टस इंडिकस', म्हणजे हिंदी निवडुंग. मूळचा दक्षिण अमेरिकेचा तो निवडुंग, परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस तो या भूमीत इतका रुळला होता की रॉक्सबर्गसाहेबांसही तो येथलाच वाटला.

परंतु निवडुंग नुसता आला आणि राहिला, एवढ्यावर त्याची कथा संपत नाही. तिचा खरा धागा लाल रंगाचा आहे.

मेक्सिकोत निवडुंगाला 'नोपाल' म्हणतात. त्या देशाच्या ध्वजावर नोपालावर बसलेला गरुड आहे. आझ्टेक लोकांनी आपली राजधानी जेथे हा शकुन दिसला तेथे वसविली, अशी त्यांची आख्यायिका. त्या नोपालाच्या फड्यांवर एक बारीक किडा वसतो. त्याची मादी सुकवून कुटली म्हणजे अतिशय तेजस्वी आणि टिकाऊ लाल रंग निघतो. एक पौंड रंगास सुमारे सत्तर हजार किडे लागतात, असा हिशेब सांगतात. १५२१ साली स्पॅनिशांनी आझ्टेकांचे राज्य बुडविल्यावर हा रंग त्यांच्या हाती पडला आणि मेक्सिकोतून युरोपास जाणाऱ्या मालात मोलाच्या दृष्टीने चांदीच्या खालोखाल त्याची गणना होऊ लागली. राजेरजवाड्यांची वस्त्रे, धर्माधिकाऱ्यांचे झगे आणि इंग्रज सेनाधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगाचे. साध्या शिपायाच्या वाट्यास मंजिष्ठाच्या जातीच्या मुळ्यांचा स्वस्त लाल रंग येई. रंगातही पायरी होती.

हिंदुस्थानास लाल रंग अपरिचित होता असे नव्हे. लाखेचा किडा आमचाच. लाक्षारस आमच्या काव्यात आणि पावलांवर दोन्हीकडे शोभत आला. माळव्यात आणि बुंदेलखंडात आल नावाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून लाल कापड रंगविण्याचा धंदा मोठा होता. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या घराण्यांत त्याच्या आठवणी असतील. 'किरमिजी' हा शब्दही पहा. अरबी-फारसीतून तो आपल्याकडे आला, आणि त्याच्या मुळाशी 'किर्म' म्हणजे किडा आहे. आपला संस्कृत 'कृमि' त्याचा सख्खा भाऊ. लाल रंग किड्यापासून मिळतो हे ज्ञान आपल्या भाषेच्या पोटातच होते. परंतु अमेरिकेच्या किरमिजाची झळाळी निराळी, आणि त्याचे गुपित स्पेनने आपल्या मुठीत ठेविले होते. १७७७ साली थियेरी द मेनोंव्हिल या फ्रेंच गृहस्थाने मेक्सिकोतील वाहाका प्रांतातून फड्यांसह जिवंत किडे चोरून हैतीच्या बेटावर नेले, तेव्हा त्या मुठीस पहिली मोठी फट पडली.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस हा रंग स्पेनकडून विकत घ्यावा लागे, आणि ते तिला सलत होते. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील कंपनीचे वैद्याधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८६ साली आपल्या परिसरात असा एक किडा सापडल्याचे लंडनच्या जोसेफ बँक्स यांस कळविले आणि पत्रांवर पत्रे लिहिली. किडा कामाचा निघाला नाही. पण कल्पनेने मूळ धरले. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानातून निवडुंगाची रोपे आली, मद्रासजवळ सैदापेठ येथे त्यांची बाग उभी राहिली, आणि अस्सल किडा हिंदुस्थानात आणून देणाऱ्यास कंपनीने दोन हजार पौंडांचे इनाम जाहीर केले. प्रथम किड्याचे घर बांधले आणि मग त्यास पाहुणचाराचे बोलावणे केले, असा हा प्रकार.

१७९५ साली कॅप्टन नीलसन नावाचा एक लष्करी अधिकारी रिओ द जानेरोहून काही किडे घेऊन कलकत्त्यास उतरला. उद्यानात मुद्दाम आणलेल्या निवडुंगांवर ते सोडले, तर ते तेथे जगेनात. अखेर गावोगाव आढळणारा तो 'हिंदी' निवडुंग त्यांच्यापुढे टाकला, आणि ते त्याच्यावर तुटून पडले. कारण उघड आहे. किडा ब्राझीलकडचा, निवडुंगही तिकडचाच. परदेशी मुलखात दोन जुन्या शेजाऱ्यांची गाठ पडली. उभयतांची ओळख त्यांची त्यांस पटली. रॉक्सबर्गसाहेबांस मात्र पटली नाही.

परंतु हा किडा तो किडा नव्हता. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी शतकानुशतके निगुतीने वाढविलेली जात निराळी, आणि ब्राझीलच्या रानातला हा तिचा रानटी चुलत भाऊ निराळा. त्याच्या अंगावर कापसासारखे पांढरे आवरण दाट, आणि रंग थोडा व हलका. मद्रास-बंगालचे किरमिज लंडनच्या बाजारात मेक्सिकोच्या मालापुढे टिकले नाही. वर्षांमागून वर्षे खटपट झाली, पैसा खर्च झाला, आणि प्रयत्न फसला. पुढे १८५६ पासून कोळशाच्या डांबरातून कृत्रिम रंग निघू लागले, तेव्हा तर या साऱ्या धंद्याचाच आधार गेला.

येथे एखादा हिशेबनीस वही मिटून टाकील. परंतु व्यापाराची वही मिटली तरी निसर्गाची मिटत नाही. रंगास निरुपयोगी ठरलेले ते किडे कोणी गोळा करून परत नेले नव्हते. ते निवडुंगावर वाढत राहिले, आणि जेथे जेथे पोहोचले तेथे तेथे तो 'हिंदी' निवडुंग वाळून कोसळू लागला. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून त्याची मोठमोठी जाळी नाहीशी झाली. हे पाहून १८३६ ते १८३८ या काळात दक्षिणेत हाच किडा निवडुंगाचा संहार करण्यासाठी हेतुपूर्वक नेण्यात आला, आणि १८६० नंतरच्या दशकात तो सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचला. एका सजीवाकडून दुसऱ्या उपद्रवी सजीवाचे नियंत्रण करण्याचे जे शास्त्र आज जगभर शिकविले जाते, त्याच्या इतिहासात तणाविरुद्ध किड्याचा पहिला प्रयोग म्हणून या हिंदी-सिंहली प्रकरणाची नोंद होते. रंगासाठी आणलेला किडा रंगात नापास झाला आणि भलत्याच परीक्षेत पहिला आला. त्या किड्याचे शास्त्रीय नावही मौजेचे आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण तो ओळखला गेला सिलोनात, म्हणून नाव पडले 'सिलोनिकस'. निवडुंग परका असून 'हिंदी' ठरला आणि किडा परका असून 'सिंहली'!

तरीही निवडुंग संपला नाही, कारण निवडुंग एक नव्हता. १९११ साली बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात रानोमाळ वाढणाऱ्या फड्या निवडुंगांची छाननी केली, तेव्हा त्यांत निरनिराळ्या अमेरिकन जाती असल्याचे स्पष्ट झाले. ब्राझीलचा किडा ज्यास खाई ती एक. परंतु समुद्रकाठचा जो आमचा फड्या निवडुंग, तो दुसरा. त्याचे शास्त्रीय नाव ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ डिलेनियस यांच्यावरून पडलेले आहे. त्याचे माहेर कॅरिबियन समुद्राचा किनारा. खारा वारा, तापलेली वाळू आणि निचऱ्याची जमीन ही त्यास जन्मापासून सवयीची. कोकणच्या पुळणीवर तो रुळला यात नवल ते काय? त्याने एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर केवळ बिऱ्हाड हलविले होते.

किनाऱ्यावरून आत त्यास मनुष्याने नेले, आणि नेले ते कुंपण म्हणून. गुरांनी तोंड लावू नये, पाणी घालावे लागू नये, एक फडा खोचला की वई तयार. असे कुंपण शेतकऱ्यास कोण नको म्हणेल? सरकारही या मोहातून सुटले नाही. मिठावरील कर चुकवून मीठ आत येऊ नये म्हणून इंग्रजांनी जी जकातीची सरहद्द आखली, ती १८६९ साली सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे पहारा करीत. खांडवा-बुऱ्हाणपुरावरूनही ती जात असे. या सरहद्दीवर काटेरी झाडांची जिवंत भिंत उभारण्याचे काम ॲलन ह्यूम या अधिकाऱ्याने जोमाने चालविले. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, तेच हे ह्यूमसाहेब. बाभूळ, बोर, करवंद यांच्या जोडीस, जमीन जेथे कोरडी तेथे, फड्या निवडुंग लाविला गेला. समुद्रकाठचे झाड मिठावर पहारा करावयास देशाच्या मध्यावर उभे राहिले. १८७९ साली ती सरहद्द मोडण्यात आली.

कुंपणाचा निवडुंग कुंपणातच राहील ही अपेक्षा मात्र फोल ठरली. पाखरांनी बोंडे खाऊन बी सांडले, पुराने फडे वाहून नेले, आणि दख्खनपासून तमिळ मुलखापर्यंत गायराने, गावकुसे, विहिरींच्या वाटा त्याने अडविल्या. त्याच्या जाळीत जनावरांचे पाय अडकत आणि विषारी जनावरांस मात्र आसरा मिळे. दुष्काळात काटे भाजून हेच फडे गुरांपुढे टाकण्याची पाळी शेतकऱ्यावर येई, हा त्याचा एक उपकार म्हणावा. परंतु जे केवळ दुष्काळात उपयोगी पडते ते सुकाळात सोसवत नाही. अखेर जुना धडा पुन्हा गिरविण्यात आला. या निवडुंगास खाणारा किरमिजाचा दुसरा एक चुलत भाऊ, मूळचा उत्तर अमेरिकेचा, ऑस्ट्रेलियामार्गे सिलोनात आणि तेथून १९२६ साली दक्षिण हिंदुस्थानात आणण्यात आला. कीड लागलेले फडे निरोगी जाळीवर नेऊन टाकावेत, एवढेच मनुष्याचे काम. उरलेले किडा करी. थोड्याच वर्षांत निवडुंगाचे पुष्कळसे साम्राज्य ओसरले. मुसळधार पाऊस या किड्यांस धुऊन नेतो. तेव्हा कोकणासारख्या पावसाळी पट्टीत निवडुंग कोपऱ्याकोपऱ्याने टिकून राहिला, तर त्यास या पावसाची मदत झालीच असणार. आजही एखाद्या फड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, तर तो बोटाने चिरडून पाहावा. बोट किरमिजी झाले, की दोनशे वर्षांचा इतिहास आपल्या बोटाला लागला असे समजावे.

या किड्याचा ऑस्ट्रेलियामार्गे झालेला प्रवास आकस्मिक नव्हे. १७८७ साली इंग्रजांची पहिली वसाहत घेऊन निघालेला कॅप्टन फिलिप यानेही रिओ द जानेरोहून किड्यांसकट निवडुंग उचलला होता; हेतू तोच, लाल रंग. पुढे निरनिराळ्या जातींचे निवडुंग त्या खंडात कुंपणासाठी आणि शोभेसाठी लाविले गेले, आणि १९२५ च्या सुमारास त्यांनी सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. १९१२ ते १९१४ या काळात क्वीन्सलंड सरकारने नेमलेले शास्त्रज्ञ निवडुंगाचे शत्रू शोधीत जग फिरले, आणि हिंदुस्थान-सिलोनचा अनुभव त्यांस मार्गदर्शक ठरला. १९२५ साली अर्जेंटिनाहून एका पतंगाची सुमारे पावणेतीन हजार अंडी ऑस्ट्रेलियात आली. त्यांच्या संततीने सात-आठ वर्षांत निवडुंगाची ती अफाट जंगले पोखरून आडवी केली. क्वीन्सलंडमधील बुनार्गा या गावी कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९३६ साली एक सभागृह बांधले आणि त्यास त्या पतंगाचे नाव दिले.

येथे कथा सुखान्त व्हावी. पण त्याच पतंगास १९५७ साली कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर सोडण्यात आले. तेथून बेटांमागून बेटे ओलांडीत तो १९८९ साली फ्लोरिडास आणि २००६ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर जाऊन पोहोचला. ज्या देशाच्या ध्वजावर निवडुंग आहे, ज्याच्या रोजच्या जेवणात नोपालाची भाजी आहे, त्याच्या दारात निवडुंगाचा काळ उभा राहिला. मेक्सिकोने मोठ्या तातडीने ते बेट त्याच्यापासून मुक्त केले. फ्लोरिडात तो अद्याप आहे. दक्षिण हिंदुस्थानच्या उपयोगी पडलेला तो उत्तर अमेरिकेचा किडाही २०१४ पासून मोरोक्कोत शिरला असून, जेथे निवडुंगाची फळे हेच गरिबांचे उत्पन्न, तेथील बागाच्या बागा त्याने वाळवून टाकल्या. एका किनाऱ्याचा तारणहार तो दुसऱ्या किनाऱ्याचा वैरी.

हे सारे कुळवृत्त वाचून आम्ही काय घ्यावे? निवडुंग परका, म्हणून तो उपटून समुद्रात फेकावा, असे आम्ही म्हणत नाही. परकेपणाच हा दोष मानला, तर आमच्या ताटातली मिरची, बटाटा आणि श्रावणातला पेरू आधी उचलावा लागेल. उलट, भाषेने त्यास आपले नाव दिले म्हणून त्याचे सर्व अपराध पोटात घालावेत, असेही नव्हे. परका कोण आणि घरचा कोण, हा प्रश्न आम्हांस मुळात गौणच वाटतो. खरा प्रश्न असा की, जे आणले ते कोणी, कशासाठी आणले, आणि हेतू फसल्यावर त्याचे काय झाले? कंपनीला रंग हवा होता. निवडुंग आणि किडा उरला. ह्यूमसाहेबांस जकात हवी होती. जकात गेली, जाळी उरली. शेतकऱ्यास वई हवी होती. वई शेतात शिरली. प्रत्येक वेळी हेतू अल्पायुषी ठरला आणि परिणाम दीर्घायुषी.

आज आमच्या किनाऱ्यावर नवी विश्रामगृहे उठत आहेत आणि त्यांच्या बागांसाठी देशोदेशीच्या मांसल, काटेरी, शोभिवंत वनस्पती येत आहेत. पाणी नको, निगा नको, एक तुकडा खोचला की वाढतो, अशी त्यांची तारीफ आम्ही ऐकतो, तेव्हा आम्हांस ती तारीफ परिचित वाटते. फड्या निवडुंगाचीही हीच तारीफ झाली होती. शोभेसाठी पुळण खणून मर्यादवेल उपटली जाते, रावणाच्या मिशा काढून टाकल्या जातात, आणि मग पावसाळ्यात वाळू वाहून गेली म्हणून समुद्राला दोष दिला जातो. वाळू धरून ठेवण्याची विद्या ज्या वेलीस हजारो वर्षांपासून अवगत आहे, तिला हटवून तेथे पाहुणा बसविण्यापूर्वी निवडुंगाची ही जुनी वही एकदा उघडून पाहावी, एवढेच आमचे मागणे.

आबा आता नाहीत. त्यांच्या गडग्यापाशी आम्ही मागल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. निवडुंग होता, बोंडे पिकून लाल झाली होती आणि आबांचा नातू ती काठीने पाडून, वाळूत घोळून, त्यांची बारीक कुसे काढीत होता. आम्ही त्यास विचारले, "काय रे, हा निवडुंग कुठला?" तो म्हणाला, "आमचो." आम्ही त्याच्या शेजारी बसलो आणि मेक्सिकोच्या गरुडापासून ही कथा त्यास सांगावयास आरंभ केला. ती संपेपर्यंत भरतीचे पाणी मर्यादवेलीपर्यंत येऊन थांबले होते.